दोन पायल, एक तारीख

माणूस पहिलीत एकदाच बसतो, असा समज आहे. मी तीनदा बसलो. पहिल्यांदा याडीचे बोट धरून, मराठीचा एक शब्दही येत नसताना; आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. दुसऱ्यांदा नवशिका शिक्षक म्हणून, पांढरकवड्याकडच्या एका कोलाम पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, जिथे मुलांची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्यांना. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो, चौथीच्या वर्गावर होतो, मुख्याध्यापकाचा कारभारही माझ्याकडे होता आणि डोक्यावरचे केस बहुतेक पांढरे झाले होते. माझ्या घडणीविषयी लिहिताना लोक बालपणाची अपेक्षा करतात. ते या पुस्तकात येऊन गेले आहे. पण मी खऱ्या अर्थाने मोठा झालो तो त्या तिसऱ्या खेपेला, आणि तोही रागाने. म्हणून हे प्रकरण त्या वर्षाचे.

तरी आरंभ पहिल्या खेपेपासूनच करावा लागेल, कारण चुकीचे मूळ तिथे आहे. मला शाळेत घालायला याडी आली ती सकाळी. घरात चुलीपाशी बाटी थापल्याचा आवाज अजून माझ्या कानांत आहे. ज्वारीच्या भाकरीला आम्ही बाटी म्हणतो. याडीच्या हातांत कोपरापर्यंत बांगड्या असत. तळव्याचा एक ठोका आणि मागोमाग बांगड्यांची लहर, अशी ती भाकर घडे. त्या दिवशी तिने तीन बाट्या आणि तिळाची चटणी फडक्यात बांधली, माझे नाक पदराने पुसले आणि टेकडी उतरून आम्ही गावातल्या शाळेत गेलो. गुरुजींनी विचारले, "जन्म कधीचा?" याडी म्हणाली, "तूर फुलावर होती जी." गुरुजींनी मान वर केली नाही. तूर दिवाळीनंतर फुलते, हे त्यांना ठाऊक नसेल असे नाही. त्यांच्या स्वतःच्या शेतात तूर होती. त्यांनी रजिस्टरात जून महिन्याची पहिली तारीख टाकली आणि शेजारच्या शिक्षकांना हसत म्हणाले, "तांड्यातले सारेच पोट्टे जूनमध्ये पैदा होतात बाप्पा!"

ही त्या काळची सोय होती. शाळा जूनमध्ये उघडते, वयाचे गणित सरळ बसते. परिणाम असा की माझ्या पिढीतले असंख्य शिक्षक कागदावर एकाच दिवशी जन्मले आणि मे महिन्याच्या एकाच अखेरच्या दिवशी निवृत्त झाले. निवृत्त होणारे इतके होते की माझ्या निरोप समारंभात शाली कमी पडल्या होत्या. सगळे जूनमध्ये जन्मल्याचा तो विनोद मी त्या दिवशीही हसून ऐकला. पुढचे वाक्य लिहायला मला अनेक वर्षे लागली आहेत: शिक्षक झाल्यावर तोच विनोद मीही करीत असे. तेच हसू, तीच तारीख.

ज्या शाळेविषयी मी लिहितो आहे ती आर्णीपासून बारा-तेरा किलोमीटरवर, एका तांड्यात होती. दोन खोल्या, मी आणि एक सहकारी, पहिली ते चौथी. मुले घरी गोरबोली बोलत, रस्त्यावर वऱ्हाडी आणि माझ्यासमोर पुस्तकातली मराठी, आणि हा तीन जागांचा प्रवास ती दिवसातून दहादा करीत. मी शिस्तीचा माणूस. माझी रजिस्टरे दोऱ्याने शिवलेली, समास लाल शाईचा, खाडाखोड नाही. वर्गाचा एक नियम होता आणि तो फळ्याच्या वर कायम लिहिलेला असे: चूक कोणाचीही असो, दुरुस्त करून दहा वेळा लिहायची. मारणे मी फार पूर्वी सोडले होते. मात्र दहा वेळा लिहिण्यात कोणालाही सूट नव्हती. लिहून झाले की मी लाल पेनाने तपासत असे, आणि एखादी ओळ गचाळ असली की तिच्यापुढे लहानसा गोल करून म्हणत असे, "हे परत."

अशा माझ्या व्यवस्थित जगात 'लिंक' आली. वाचकांपैकी जे शिक्षक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. वरून मोबाइलवर एक निळी ओळ येते, ती दाबली की फॉर्म उघडतो आणि तो सायंकाळपर्यंत भरायचा असतो. मुलांची संख्या भरा, झाडांची भरा, हात धुतानाचे फोटो चढवा, वाचतानाचे चढवा. पूर्वी शिक्षक भेटले की एकमेकांना "जेवण झालं काय?" असे विचारीत. आता "लिंक भरली काय?" असे विचारू लागले. प्रत्येक मुलाचे नाव पोर्टलवर चढले, त्याला एक लांबलचक क्रमांक मिळाला, आणि हळूहळू त्या क्रमांकाशिवाय मूल शाळेत आहे हे कोणी मानेनासे झाले.

आम्हाला प्रशिक्षण मिळाले नाही असे नाही. एका सभागृहात दोन दिवस बसवले. दर चार शिक्षकांत एक संगणक. माझी पाळी आली, मी माउसवर हात ठेवला, बाण पडद्यावर कुठे गेला ते शोधू लागलो, तोच प्रशिक्षक मागून आला. "सर, तुम्ही राहू द्या, मी करून देतो," असे म्हणून त्याने माउस माझ्या हातातून अलगद काढून घेतला. दोन दिवसांत तो माझ्या हातातून सहा वेळा काढला गेला. मी मोजले. ज्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली जाते तो विद्यार्थी अक्षर शिकत नाही, तो पेन्सिलीची भीती शिकतो. हे अध्यापनाचे पहिले तत्त्व आहे, आणि शिक्षकांना शिकवणाऱ्यांनाच ते माहीत नसावे याचा मला आजही संताप येतो. शेवटी प्रमाणपत्र मात्र सर्वांना मिळाले. त्यावर माझे नाव सुवाच्य होते.

मग तालुक्यातल्या बहुतेकांनी केले तेच मीही केले. बाजारात गजूभाऊचे 'ऑनलाइन सेंटर' होते. सातबारा, परीक्षेचे फॉर्म, लग्नाच्या पत्रिका आणि आमच्या शाळा, सारे तिथेच. गजूभाऊ मनाने वाईट नव्हता. काउंटरवर त्याची एक जाड वही असे, आणि तीत पंचवीस-तीस शाळांचे पासवर्ड लिहिलेले असत. दर शनिवारी मी कागद घेऊन जाई, तो तोंडात सुपारी धरून टकटक करी आणि म्हणे, "झालं सर. हिरवं आलं." हिरवे म्हणजे काय आणि लाल म्हणजे काय, हे मी विचारले नाही. कागद हे माझे काम आणि पोर्टल हा बाजारातला एक हेलपाटा, अशी माझी समजूत होती. माझ्या रजिस्टरात मात्र सारे अचूक होते. निदान मला तसे वाटत होते.

चौथीत दोन पायल होत्या. दोघीही पायल प्रकाश राठोड. तांड्यात आडनावे चार-पाच, आवडीची नावे आठ-दहा. असे जुळून येणे नवलाचे नव्हते. दोन प्रकाश एकमेकांचे लांबचे चुलतभाऊ. वर्गात एकीला आम्ही खालची पायल म्हणत असू, कारण तिचे घर विहिरीच्या बाजूला होते, आणि दुसरीला वरची पायल. वरची पायल उंच, काटकुळी, प्रश्न विचारणारी. मी फळ्यावर गणित मांडले की ती आधी माझी बेरीज तपासायची. तिचे आईबाप दर वर्षी ऊसतोडीला जात आणि ती आजोबांजवळ राही. ते आजोबा त्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळले. पुढच्या वर्षी तिला ठेवून घेणारे घरात कोणी उरणार नव्हते. एकच वाट होती: पाचवीसाठी जिल्ह्यातली एक निवासी शाळा. तिने चाचणी दिली आणि निवड यादीत तिचे नाव आले. त्या दिवशी मी वर्गाला चिवडा वाटला होता.

एप्रिलच्या एका मंगळवारी तिची आई शारदा शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. ऊसतोडीवरून नुकतीच परतली होती. हातांवर पात्याचे चरे तसेच होते.

"गुरुजी, त्या शाळेत गेलतो प्रवेशाले," ती म्हणाली. "थे म्हणते तुमची पोरगी नाहीच."

"नाही म्हणजे काय?"

"मले काय समजते? कम्प्युटरात नाही म्हणते. म्या म्हटलं, हे पाहा, उभी आहे ना तुमच्यासमोर! तर थो बाबू म्हणे, बाई, शनिवारपर्यंत नंबर आणा, नाही तर तिची जागा दुसऱ्याले जाईन. गुरुजी, नाही झालं तर सांगून द्या. दिवाळीनंतर घेऊन जातो तिले संगं. तिच्या मापाचा कोयता पाहा लागन."

हे तिने रडत सांगितले नाही. बाजारातून काय आणायचे ते सांगावे तसे सांगितले. त्यामुळे ते मला अधिक लागले.

त्या दुपारी मी गजूभाऊकडे गेलो. शाळेची यादी उघडायला लावली. चौथीत पायल प्रकाश राठोड एकच होती, खालची.

"दुसरी कुठे आहे?" मी विचारले.

"दुसरी?" त्याने वही उलटली. "हां, थे! दुबार दाखवून राह्यलं होतं सर. दोन होत्या, एक ठेवली."

"कोणाला विचारून?"

"विचारायचं कोणाले? साहेबाचा मेसेज होता, आजच्या आज लाल शून्य करा. पंचवीस शाळांचं लाल होतं माह्याजवळ. तुमच्याच शाळेत एक होतं, थे पह्यले काढलं. तुमचं नाव खराब नोको व्हाले म्हणून!"

"गजूभाऊ, ते लाल नव्हतं. ती मुलगी आहे. रोज माझ्यासमोर बसते."

त्याने सुपारी गालात सरकवली आणि पडद्याकडे बोट केले. "मंग तुमीच सांगा ना सर. नाव एक, बापाचं नाव एक, आडनाव एक, जलमतारीख बी एक. मशीन काय म्हणन? म्या काय म्हणावं? दोघीच्या दोघी एक जूनच्या. तारीख म्या टाकली काय?"

रजिस्टर माझ्या पिशवीतच होते आणि ते उघडण्याची गरज नव्हती. त्या दोघींचा प्रवेश मीच केला होता. आया समोर उभ्या होत्या, जन्माचा दाखला कोणाजवळच नव्हता, आणि मी मान वर न करता लिहिले होते. लाल समास, खाडाखोड नाही, अक्षर सुवाच्य.

बाहेर येऊन मी केंद्रप्रमुखांना फोन केला. आठ-दहा शाळांवर त्यांची देखरेख असते. माझा आवाज चढला होता. ते शांतपणे म्हणाले, "आडे सर, शांत व्हा. एकीचं तर नाव आहे ना? दुसरीचं पुढच्या सत्रात नवीन नोंदवू."

"साहेब, शनिवारी तिची जागा जाते."

"मग दुरुस्तीचा अर्ज टाका ऑनलाइन. तुमच्या लॉगिनवरून टाका, माझ्याकडे येईल, मी मंजूर करतो. पण अचूक टाका. एकदा परत गेला की आठ दिवस उघडत नाही."

एकदा परत गेला की आठ दिवस. हे काम मी गजूभाऊच्या हातात पुन्हा देणार नव्हतो. आणि माझा हात पडद्यावर चालत नव्हता.

घरी आलो तेव्हा आमच्या सौ. सुमन भाकरी थापत होत्या. मी चपला काढण्याआधीच सुरू झालो. गजू, साहेब, पोर्टल, सरकार, कोणालाही सोडले नाही. त्यांनी सारे ऐकले आणि विचारले, "झालं? मंग आता तुमी करा ना स्वतः."

"मला येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"मले कोणं शिकवलं होतं? बहिणीसंगं तोंड पाहून बोलाले लागलो, साड्या पाहाले लागलो, आलं ना? बसा इथं. मोबाइल घ्या हातात. नाही, मले देऊ नोका. माह्ये हात पिठाचे आहेत."

वाचकांनी या शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्यावे. माझे सगळे शिक्षण त्या वाक्यावर उभे आहे. सुमनचे हात पिठात होते म्हणून ती मोबाइल माझ्याकडून घेऊ शकत नव्हती. तिला तोंडानेच सांगावे लागले आणि मला माझ्याच बोटाने करावे लागले. "वरती तीन रेघा आहेत ना? त्यावर. हळू दाबा, डास मारून राह्यले काय? आता थांबा. फिरून राह्यलं तवर हात नोका लावू." तव्यावरची भाकर उलटेपर्यंत एक पान उघडे, आणि भाकर फुगेपर्यंत माझ्या हातून ते बंद होई. "परत करा," ती म्हणे. तिने एकदाही "मी करून देतो" म्हटले नाही. म्हणूच शकत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेला निघण्याआधी, तिने मुद्दाम पीठ मळायला घेतले. त्या दिवशी पोळ्या नकोत असे मी म्हणालो, तर म्हणाली, "पोळ्या तुमच्यासाठी नाही मळून राह्यलो, माह्ये हात बांधून ठेवाले मळून राह्यलो."

तीन दिवस आमच्या घरी गरजेपेक्षा पोळ्या जास्त झाल्या. मी एका वहीत क्रमवार पायऱ्या लिहिल्या, जशा मुलांना लिहून देतो तशा. पासवर्ड आधी बदलला. गजूभाऊच्या वहीतून शाळा बाहेर काढली. एका पानावर वेडीवाकडी अक्षरे ओळखून तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करावे लागते. मी चार वेळा ते सिद्ध करू शकलो नाही. पाचव्यांदा जमले तेव्हा सुमन म्हणाली, "चला, नवरा माणूस निघाला."

अर्ज अचूक हवा म्हणजे तारीख खरी हवी. मी शारदाकडे गेलो आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच एका आईला तो प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलो. "हिचा जन्म कधीचा?"

तिला आठवायला वेळ लागला नाही. "तीजच्या टोपल्यांत गहू पेरला त्या दिवशी. पोरी गाणे म्हणून राह्यल्या होत्या आन् म्या आत कळा देऊन राह्यली होती." तीज हा आमच्या तांड्यातल्या कुमारिकांचा श्रावणातला सण, टोपल्यांत गव्हाची रोपे वाढवतात. तांड्यातल्या आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताईंकडे मी गेलो. त्यांच्या लसीकरणाच्या जुन्या वहीत त्या दिवसाची तारीख होती. दहा वर्षे ती वही शाळेपासून दोनशे पावलांवर, पत्र्याच्या पेटीत पडून होती. मला हवी असती तर मिळाली असती. खालच्या पायलची तारीखही त्याच वहीत सापडली. दोघींत पाच महिन्यांचे अंतर होते.

शुक्रवारी सकाळी अर्ज भरायला बसलो. शाळेला लॅपटॉप होता; तोवर तो कोऱ्या खोक्यात राहायचा आणि पाहुणे आले की फोटोपुरता निघायचा. नेटची रेंज मात्र शाळेत येत नसे. ती यायची देवळाच्या ओट्यावर, तिसऱ्या पायरीला. चौथीचा वर्ग घेऊन मी तिथेच गेलो. उद्देश वर्ग सांभाळण्याचाच होता, शिकवण्याचा नव्हता. पण अकरा मुले पाठीमागे उभी राहून पाहू लागली, तसा मी सवयीने बोलत गेलो: हे पान, ही चौकट, इथे लिहायचे, लिहिल्यावर तपासायचे, मगच पुढे. प्रशिक्षकाने दोन दिवसांत शिकवले नव्हते ते मी त्या पायरीवर अर्ध्या तासात शिकवले, कारण ते मी स्वतः त्याच आठवड्यात शिकलो होतो आणि माझ्या अडखळण्याच्या जागा ताज्या होत्या. नावाची चौकट आली तेव्हा मी लॅपटॉप वरच्या पायलच्या मांडीवर ठेवला. "तुझं नाव तू लिही." एकेक अक्षर शोधत तिने लिहिले. मी हात मागे बांधून उभा राहिलो. त्या क्षणी मला पिठाची गरज वाटत होती, हे कबूल करतो.

शेवटची चौकट होती 'दुरुस्तीचे कारण'. ती दाबली की खाली पर्याय उघडत. पालकांनी चुकीची माहिती दिली. पालकांनी कागदपत्रे दिली नाहीत. तांत्रिक चूक. इतर.

मी ती यादी दोनदा वाचली आणि माझ्या अंगाचा भडका उडाला. ज्या बाईने तूर फुलावर होती असे सांगितले, आणि जिने टोपल्यांत गहू पेरला असे सांगितले, त्या दोघींसाठी त्या पानावर दोन दोष तयार ठेवलेले होते. यंत्रासाठी एक होता. मान वर न करता लिहिणाऱ्यासाठी एकही नव्हता. ज्याने हे पान बनवले त्याच्या कल्पनेतच शिक्षक चुकत नव्हता. मी केंद्रप्रमुखांना फोन लावला.

"पालकांची चूक टाका, सर," ते म्हणाले. "सगळे तेच टाकतात. दोन मिनिटांत मंजूर करतो."

"पालकांनी चूक केलेली नाही."

"अहो, कोण वाचतं ते? 'इतर' टाकलं तर स्वतः टाइप करावं लागतं, वर जातं, खुलासा मागतात. तुमची सहा वर्षं राहिली नोकरीची. कायले ओढवून घेता?"

उद्याचा दिवस शेवटचा होता. दोन मिनिटांचा रस्ता समोर होता आणि त्यावरून चालल्याने पायलचे काहीच बिघडणार नव्हते. बिघडणार होते ते शारदाचे, तेही तिला कधी कळणार नाही अशा ठिकाणी. कळणार नाही हाच तर त्या सोयीचा आधार होता. माझ्या गुरुजींचाही तोच होता. मी 'इतर' दाबले आणि एका बोटाने टाइप केले: प्रवेशाच्या वेळी शिक्षकाने आईला न विचारता तारीख लिहिली. चूक शिक्षकाची आहे. मग फोनमध्ये म्हणालो, "साहेब, अर्ज आला आहे. उद्या दुपारपर्यंत मंजुरी आली नाही, तर मी मुलीला आणि तिच्या आईला घेऊन तुमच्या कार्यालयात येतो. ती नाही असं तुम्ही तिच्यासमोर सांगा."

मी फोन ठेवला. वरच्या पायलने पडद्यावरची ओळ बोट फिरवत वाचली. चौथीच्या मुलीला ती वाचता येणे हे माझेच काम होते.

"गुरुजी, तुमची चूक झालती?"

"हो. झाली होती."

तिने बाकीच्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मंग दहा येळा लिहा लागन ना तुमाले?"

मुले खदखदून हसली. मी म्हणालो, "मंजुरी येऊ दे. मग लिहीन."

मंजुरी शनिवारी पावणेबाराला आली. शारदा क्रमांक कागदावर घेऊन मिळेल त्या गाडीने गेली आणि प्रवेश झाला. खुलासाही आला, पंधरा दिवसांनी. तो मी व्यवस्थित लिहून दिला, समास सोडून. माझ्या सेवापुस्तकात त्याची एक ओळ आहे. त्या उन्हाळ्यात मी आणि आशाताईंनी शाळेच्या पटावरच्या प्रत्येक मुलाची तारीख शोधून दुरुस्त केली, आणि दर अर्जात 'इतर' दाबून तेच वाक्य टाइप केले. आज मला ते न पाहता टाइप करता येते. माझी स्वतःची तारीख मात्र दुरुस्त होऊ शकली नाही. याडी गेली होती, आणि तूर त्या वर्षी कोणत्या दिवशी फुलली हे कुठल्याही वहीत नाही.

प्रवेशाच्या गडबडीत मी वर्गाला दिलेला शब्द मात्र विसरलो होतो. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी वर्ग रिकामा होत होता. मुलांना गुणपत्रके दिली, खडू मोजून पेटीत ठेवले. वरची पायल दारातून परत आली. तिच्या हातात एक कोरी वही होती.

"गुरुजी, तुमचं राह्यलं."

फळ्याच्या वरचा नियम अजून पुसलेला नव्हता. मी खुर्चीवर बसणार होतो, तर ती म्हणाली, "खाली बसा लागते." मी सतरंजीवर बसलो, तिच्याच जागेवर, आणि तिची खरी जन्मतारीख लिहायला घेतली. एक, दोन, तीन. ती उभी होती, हात मागे बांधून. दहावी ओळ झाल्यावर मी वही तिच्याकडे दिली. तिने टेबलावरचे माझे लाल पेन घेतले, एकेका ओळीवर बोट ठेवीत खाली आली आणि सातव्या ओळीपाशी थांबली. वर्षातला शेवटचा आकडा माझ्याकडून घाईत गचाळ आला होता. तिने त्याच्यापुढे लहानसा लाल गोल काढला आणि वही माझ्यासमोर ठेवली.

"हे परत," ती म्हणाली.